बेळगाव सीमाभागातील जानेवारीचे पक्षिनिरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यातील मित्रमंडळींमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी पहाटे उठून पक्षी पाहायला जाण्याचे बेत ठरू लागतात, आणि त्याबरोबर ठरावीक शंकाही निघतात. त्यातील बहुतेक शंका ‘कुठे गेल्यास जास्त जाती दिसतील’ या एका अपेक्षेतून आलेल्या असतात. आमचा आग्रह थोडा निराळा आहे: एका सकाळी चार ठिकाणे पालथी घालण्यापेक्षा एकच पाणवठा निवडावा, तेथे तीन तास बसावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच जावे. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने दिलेली आहेत.

हिवाळी पाहुणे ऑक्टोबरपासूनच येतात; मग जानेवारीच का?

पाहुणे ऑक्टोबरच्या आधीपासून येऊ लागतात हे खरे आहे. करडा धोबी तर सप्टेंबरातच ओढ्याकाठच्या दगडांवर शेपूट वरखाली करताना दिसू लागतो. परंतु त्या दिवसांत तलाव आणि जलाशय काठोकाठ भरलेले असतात, उथळ कडा पाण्याखाली असतात आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. जानेवारीपर्यंत पाणी बरेच मागे हटते, ओला गाळ उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार, चिखल्या असे पक्षी काठाशी येतात.

दुसरे कारण नवशिक्यांच्या विशेष उपयोगाचे आहे. विणीनंतर नर बदके रंगीत पिसे गाळतात आणि काही काळ जवळजवळ मादीसारखीच मातकट दिसतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आलेला थवा ओळखताना अनुभवी माणसेही अडखळतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत नरांना पुन्हा पूर्ण रंग चढलेला असतो आणि ओळख पुष्कळ सोपी होते. शिवाय या महिन्यात पक्ष्यांची ये-जा थांबलेली असते. मार्च उजाडला की त्यांची परतीची लगबग सुरू होते आणि आज दिसलेला थवा उद्या असेल याची खात्री राहत नाही.

हे पक्षी येतात तरी कुठून?

आपला प्रदेश स्थलांतरी पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो. आर्क्टिक रशियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गाखाली सुमारे ३० देश येतात. कांड्या करकोचे मध्य आशिया आणि मंगोलियातून येतात, पट्टकदंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, भोरड्यांचे थवे मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून उतरतात. सगळेच पाहुणे परदेशी असतात असे मात्र नाही, कारण काही माशीमार पक्षी केवळ हिमालयातून सह्याद्रीत मुक्कामाला आलेले असतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाने कुठे जावे?

या भागाचे भाग्य असे की पश्चिमेला कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला अथणी-रामदुर्गाकडे तो सहाशेच्या आसपास येतो. त्यामुळे सदाहरित जंगल, भातशेती, धरणांचे फुगवटे, ज्वारीचे शिवार आणि कोरडे माळ हे सारे एका दिवसाच्या प्रवासात सामावते. नेमक्या याच कारणाने लोक सगळे एकाच दिवशी पाहायला निघतात आणि दिवसाचा मोठा भाग गाडीत घालवून परततात.

पहिल्या फेरीसाठी आमची शिफारस धुपदाळची आहे. घटप्रभा नदीवरील जुन्या बंधाऱ्यामुळे गोकाक तालुक्यात जो उथळ फुगवटा तयार झाला, तो १९७४ मध्ये घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.७८ चौरस किलोमीटर आहे. पाण्यात मध्येमध्ये बेटे आहेत, कडेला पाणकणीस माजलेले आहे आणि भोवती शेती आहे. कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा या हिवाळी पाहुण्यांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. ते प्रत्येक वर्षी, प्रत्येक रविवारी दिसतीलच असे कोणी सांगू नये. परंतु चमचा, शराटी, चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे आणि बदके पाहण्यातच सकाळ अपुरी पडते. मिरज-बेळगाव लोहमार्गावरील घटप्रभा स्थानक जवळ असल्याने स्वतःची गाडी नसलेल्यांनाही जाता येते. परतताना गोकाकचा धबधबा वाटेतच आहे, पण जानेवारीत त्याला पाणी फारसे नसते. त्यासाठी पक्ष्यांचा वेळ कमी करू नये.

शहरापासून फार लांब जायचे नसेल तर बेळगावच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचा परिसर आहे. हा जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवतो, म्हणून धरणाच्या आवारात विनापरवाना जाऊ नये आणि पाण्यात उतरणे तर पूर्णपणे टाळावे. हुक्केरी तालुक्यातील हिडकल आणि सौंदत्तीजवळील नविलुतीर्थ हे जलाशय फार मोठे आहेत, पक्षी दूर मध्यावर बसतात आणि साध्या दुर्बिणीने ठिपकेच दिसतात, त्यामुळे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची लांब पल्ल्याची दुर्बीण, जवळ असलेल्या गटांनीच तिकडे जावे. नविलुतीर्थाकडे जाणाऱ्यांनी आधी पंचांग पाहावे. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या यात्रेची गर्दी असते आणि त्या दिवसांत रस्ता मोकळा मिळत नाही.

पट्टकदंब हंस पाहण्याची फार इच्छा आहे. ते जवळपास मिळतील का?

त्यासाठी थोडे लांब जाण्याची तयारी ठेवावी. गदग जिल्ह्यातील मागडी तलाव हा या हंसांचा ठरलेला हिवाळी मुक्काम आहे आणि २०२४ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हंस रात्री आणि सकाळी आजूबाजूच्या शेतांत चरतात आणि ऊन चढू लागले की तलावावर विश्रांतीला परततात, त्यामुळे इतर ठिकाणी लागू असलेला भल्या पहाटेचा नियम येथे थोडा शिथिल होतो. बागलकोटकडे अलमट्टीच्या फुगवट्यावरही हिवाळ्यात हंस, करकोचे आणि रोहित पक्षी उतरतात. दोन्ही ठिकाणांसाठी मुक्कामाचा बेत आखणे योग्य.

आम्हांला पाण्यापेक्षा जंगल अधिक आवडते. हिवाळ्यात जंगलात जावे का?

जरूर जावे, परंतु अपेक्षा बदलून जावे. पाणवठ्यावर पक्षी उघड्यावर असतात. जंगलात ते आधी ऐकू येतात आणि मग, नशीब असेल तर, दिसतात. हिवाळ्यात अनेक लहान पक्षी मिश्र थव्याने हिंडतात. अर्धा तास रान सुने वाटते आणि मग एकाएकी डोक्यावरच्या फांद्यांत वटवट्या, माशीमार, निखार, सुतार, कोतवाल असे आठ-दहा जातींचे पक्षी एकत्र येतात आणि पाच मिनिटांत पुढे सरकतात. अशा वेळी त्यांच्यामागे धावू नये. वाटेवरच थांबून राहिल्यास बहुधा मागचे पक्षी आपल्याच अंगावरून जातात.

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. आतील भागात वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. मात्र जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या कडेनेही सकाळी पुष्कळ पक्षी दिसतात. धनेश पाहायचा असेल तर दांडेली-गणेशगुडी परिसराला पर्याय नाही. राज धनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश या चारही जाती तेथे आढळतात. जानेवारीत त्यांच्या जोड्या जमू लागतात, आणि पुढे मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तेव्हा नर फटीतून तिला फळे भरवतो. अशी ढोली सापडली तर तिचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. आतील मादीला वेळेवर अन्न मिळणे नराच्या निर्धास्त येण्याजाण्यावर अवलंबून असते, आणि झाडाखाली दहा कॅमेरे लागले की तो निर्धास्त राहत नाही.

गटात किती जण असावेत?

चार ते सहा. आठांच्या वर संख्या गेली की ती सहल होते. सहल वाईट नाही, पण तिच्यात गप्पांना प्राधान्य मिळते आणि पक्षी पाण्याच्या पलीकडच्या काठाला जातात. मंडळी जास्त असतील तर दोन तुकड्या करून दोन काठांवर बसावे आणि न्याहारीला एकत्र यावे. निरीक्षणाच्या वेळी एकाने दुर्बिणीतून पाहायचे, एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी आकाशाकडे लक्ष ठेवायचे, अशी कामे आलटून पालटून दिल्यास नवखा माणूसही रेंगाळत नाही.

किती वाजता निघावे?

जानेवारीच्या सुरुवातीला बेळगावात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. उजाडताना आपण जागेवर बसलेले असावे, म्हणजे धुपदाळसाठी पाचच्या आत घर सोडावे लागते. पहाटे पाण्यावर धुके असते आणि पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, हे गृहीत धरावे. तो वेळ आवाज ऐकण्याचा असतो. साडेदहानंतर ऊन तापते, हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्यांचे रंग दुर्बिणीतूनही विटके दिसतात. बसताना सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा. ही साधी गोष्ट आदल्या दिवशी नकाशा पाहून ठरवता येते, तरी बहुतेक गट ती विसरतात आणि सकाळभर चकाकत्या पाण्यावर काळ्या सावल्या पाहत बसतात.

या दिवसांत ऊसतोड जोरात असते. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावत असतात आणि त्यांपैकी अनेकांना मागचे दिवे नसतात. धुक्यात गाडी हळू चालवावी. पंधरा मिनिटे उशीर झाल्याने करकोचे उडून जात नाहीत.

दुर्बीण कोणती घ्यावी? कॅमेऱ्यावर भागेल का?

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. पक्षिनिरीक्षणासाठी ८×४२ ही सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यातून भोवतालचा भाग बराच मोठा दिसतो, हात हलला तरी चित्र फार डळमळत नाही आणि पहाटेच्या अंधूक उजेडातही ती काम देते. रस्त्याकडेच्या दुकानांत किंवा ऑनलाइन ‘शंभर पट झूम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नये.

केवळ कॅमेरा घेऊन जाणारा माणूस एका पक्ष्याच्या मागे लागतो आणि उरलेला तलाव पाहत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान पहिल्या दोन वर्षांत दुर्बीण आणि वही एवढ्यावर भागवावे.

पाण्यावरची सगळी बदके सारखीच दिसतात. ओळखायची कशी?

रंगाआधी वागणूक पाहावी. काही बदके पाण्यावर तरंगत चोचीने वरचेवर टिपतात किंवा शेपूट वर करून डोके खाली बुडवतात. काही पूर्ण बुडी मारून दिसेनाशी होतात आणि भलतीकडेच वर येतात. पहिल्या प्रकारात थापट्या, तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू बदक येतात, दुसऱ्यात लालसरी. एवढी विभागणी झाली की निम्मे काम संपते.

त्यानंतर एका जातीवर स्थिर व्हावे. उदाहरणार्थ थापट्या घ्यावा. नराचे डोके गडद हिरवे, छाती पांढरी शुभ्र आणि कूस तांबूस तपकिरी असते. पण खरी ओळख चोचीची. ती डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला पसरट असते, त्यामुळे पक्षी पाण्यावर असताना पुढून जड वाटतो. थापट्यांचा गट खाताना नीट पाहावा. पाच-सहा पक्षी एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरतात, प्रत्येकाची चोच पाण्याच्या पृष्ठभागात निम्मी बुडालेली असते आणि मान पुढे ताणलेली असते. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले बारीक जीव मागचा चोचीच्या कडेच्या कंगव्यातून गाळून घेतो. हे वर्तुळ कधी दहा मिनिटे एकाच जागी फिरत राहते. ज्याने ते एकदा नीट पाहिले, त्याला पुढे थापट्याची मादीही उडतानासुद्धा ओळखता येते.

तलवार बदकाच्या नराची मान लांब असते, तपकिरी डोक्याच्या बाजूने पांढरी रेघ वर चढलेली असते आणि शेपटीचे टोक सुईसारखे असते. हळदी-कुंकू बदक आपल्याकडचे कायमचे रहिवासी आहे. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असतो. चक्रवाक नारिंगी रंगामुळे दुरूनच कळतो. काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी हे बदक नव्हे, जरी ते बदकांमध्येच मिसळून असले तरी.

आणखी एक खूण. पाण्यावरचे सगळे पक्षी एकाच वेळी अस्वस्थ झाले, विखुरलेले वारकरी एकमेकांना चिकटून दाट पुंजका करू लागले, तर नजर वर न्यावी. पाणकणसावरून संथ गतीने, पंख उथळ व्ही आकारात धरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी येत असतो. वारकऱ्यांचा पुंजका जेथे सर्वांत दाट, तेथून तो सहसा रिकामाच पुढे जातो, कारण त्याला एकटा पडलेला किंवा जखमी पक्षी हवा असतो.

मोठा थवा मोजायचा कसा? आणि मोजायचे कशासाठी?

एकेक पक्षी मोजू नये. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी नीट मोजावेत, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्यावे आणि मग तेवढ्या जागेचे तुकडे पाडत पुढे जावे. थवा फार मोठा असेल तर पन्नास किंवा शंभराचा तुकडा धरावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून मग आकडे ताडून पाहावेत. सुरुवातीला नवख्यांचे आकडे बहुधा कमी निघतात.

जानेवारीत, साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून सुरू आहे आणि जगभर चालणाऱ्या पाणपक्षी गणनेचा भाग आहे. आपला गट कितीही लहान असला, तरी एकाच तलावाची एकाच आठवड्यातील नोंद सलग काही वर्षे ठेवल्यास तिला मोल येते. यंदा एका तलावावर दोनशे थापटे होते, ही केवळ बातमी आहे; त्याच तलावावर त्याच आठवड्यात दहा वर्षांत किती होते हे सांगता आले, तर त्या तलावाचे काय होते आहे ते कळते. एकाच पाणवठ्यावर बसण्याचा आमचा आग्रह यासाठीच आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही गणना घराच्या परसातूनही करता येते. भारतातील निरीक्षक २०१३ पासून तीत भाग घेत आहेत.

मोबाइलवरील ॲपवर विसंबावे का?

मर्लिन हे पक्षी ओळखण्याचे ॲप घरूनच आपल्या प्रदेशाचा संच उतरवून घेतल्यास नेटवर्क नसतानाही चालते. आवाजावरून नाव सुचवण्याची त्याची सोय उपयोगी आहे, परंतु सूचना म्हणजे नोंद नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाज आपल्या ओळखीचा असल्याशिवाय ॲपने सुचवलेले नाव यादीत घालू नये. कोतवाल इतर पक्ष्यांच्या नकला हुबेहूब करतो, आणि ॲपही त्याला फसते.

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ठिकाणाची खूण नीट लावावी. सीमाभागात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण हद्द शिवारांमधून वळणे घेत जाते: राकसकोप बेळगाव जिल्ह्यात आणि शेजारचे तुडये कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात. खूण बोटभर सरकली तर पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख आणि महाराष्ट्राचा हरियाल असला, तरी दोघेही दोन्ही बाजूंना सारख्याच बिनधास्तपणे बसलेले आढळतात.

परवानगी कोठे लागते? कन्नड येत नसेल तर अडचण होईल का?

अभयारण्य आणि व्याघ्रप्रकल्पात वनखात्याची परवानगी आणि ठरलेले शुल्क आवश्यक असते. जलाशयांच्या भिंतींवर छायाचित्रणास मनाई असते. तेथील रखवालदाराशी हुज्जत घालू नये. ड्रोन कोठेही नेऊ नये. खासगी शेतात उतरण्यापूर्वी मालकाला विचारावे, कारण बांधावरून चालणे आणि उभ्या हरभऱ्यातून चालणे यांत त्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

भाषेची अडचण सहसा येत नाही. गोकाक-सौंदत्तीकडे मराठी कमी बोलली जाते, पण ‘हक्की नोडाक बंदीव्रि’, म्हणजे पक्षी पाहायला आलो आहोत, एवढे हसतमुखाने म्हटले की काम होते. अनेकदा समोरचा शेतकरीच मोठे पक्षी कोणत्या शिवारात उतरतात ते दाखवायला पुढे येतो, आणि त्याची माहिती ॲपपेक्षा ताजी असते.

पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा आवाज मोबाइलवर वाजवणे योग्य आहे का?

नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी चारा टाकून धावत येतो आणि पुन्हा पुन्हा तसे झाल्यास दमतो. घरट्याजवळ जाणे, फांद्या बाजूला करणे, विश्रांती घेणारा थवा उडताना छायाचित्र मिळावे म्हणून दगड टाकणे, हे सारे त्याच माळेचे मणी आहेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने हिवाळा हा अंगावर चरबी साठवण्याचा काळ असतो, आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्यातून वजा होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांना पकडणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

जंगलाकडे जाताना कोणती काळजी घ्यावी?

गोचिडांची. खानापूर-जोयडा पट्ट्यात आणि सीमेपलीकडील दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा विषाणूजन्य आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याच्या दिवसांत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालावी, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या अंगाला गोचीडरोधक औषध लावावे, पालापाचोळ्यावर बसू नये आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग तपासावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य किंवा वनखात्याला कळवावे. नंतर काही दिवसांत ताप आलाच तर आपण जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गवा आणि अस्वल या भागात सर्रास आहेत, खानापूरकडे हत्तीही येतात. उजाडण्यापूर्वी जंगलवाटेने पायी जाऊ नये.

बरोबर काय न्यावे?

पहाटे तापमान बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी. रंग मात्र मातकट असावेत. पाणी, वही, पेन्सिल, बसायला जुने पोते. खाण्यात भाकरी-चटणी, भडंग आणि धुपदाळला गेलात तर येताना गोकाकचा करदंट. कचरा परत आणावा.

मोठ्या अपेक्षेने गेलो आणि बदके फारशी नव्हती. आमचे काय चुकले?

बहुधा काहीही नाही. पाऊस लांबला आणि जलाशय भरलेले राहिले की पक्षी लहान तळ्यांवर आणि भातखाचरांत विखुरतात. अशा वर्षी शिवारांकडे वळावे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव भागात भात कापून झाल्यावर ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. तेथे शराटी, पांढऱ्या मानेचे करकोचे, पिवळे धोबी आणि ट्रॅक्टरमागे धावणारे गायबगळे भरपूर असतात. जवळच्या राजहंसगडाच्या तटावर कृष्ण थिरथिरा शोधावा. नराचे अंग काळे, पोट विटकरी आणि शेपूट सतत थरथरणारी.

पूर्वेकडच्या ज्वारीत भोरड्या हजारोंनी उतरतात. गोफण घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढे त्यांचे कौतुक जरा बेताने करावे. कणसांचे नुकसान तो सोसत असतो, आणि त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडे फस्त करतात हे त्यालाही ठाऊक असते. माळांना कागदोपत्री ‘पडीक’ म्हटले जाते, परंतु धाविक, माळटिटवी, डोंबारी आणि हिवाळी भोवत्ये यांचे ते घर आहे. एका उजाड दिसणाऱ्या माळावर सायंकाळी भोवत्यांना रातथाऱ्यासाठी गवतात उतरताना पाहिलेला माणूस पुन्हा त्याला पडीक म्हणत नाही.

लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर?

शहरातच थांबावे. किल्ला तलावाच्या काठावर आणि टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या झाडांत दोन तास सहज जातात. खंड्या, वेडा राघू, धनेश, सुतार, पाणकावळा एवढे पक्षी मुलांना पहिल्या दिवशी पुरेसे आहेत. मुलांच्या हाती यादी देण्याऐवजी एकच काम द्यावे, जसे एका खंड्याने किती बुड्या मारल्या आणि किती वेळा मासा मिळाला ते मोजणे.

संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेला पक्षी आढळल्यास काय करावे?

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो तारांवर आणि झाडांवर महिनोन्महिने लटकत राहतो. पक्षी उंचावर किंवा विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः चढू नये. अग्निशमन दल किंवा वीज खात्याला कळवावे. हाताशी आला तर त्याच्यावर सुती कापड टाकावे, म्हणजे अंधारात तो शांत होतो. मांजा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि मांसात रुतलेला भाग तसाच ठेवावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पक्ष्याला ठेवून वनखात्याच्या कार्यालयात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. घारीसारख्या शिकारी पक्ष्याचे पाय आधी कापडात गुंडाळावेत. त्याच्या चोचीपेक्षा नख्यांची इजा मोठी होते.